जीभ बांधलेली घंटा

मी एका चर्चची जुनी घंटा आहे, मित्रांनो, आणि जुनी म्हणवून घ्यायची मला लाज नाही. पाचोऱ्याच्या पलीकडे एका गावात, चर्चच्या दारापुढे, दोन खांबांवर टाकलेल्या लोखंडी तुळईला मी टांगलेली आहे. गावाचं नाव सांगत नाही. आमची माणसं वाईट नाहीत, उगीच त्यांची अब्रू कशाला घालवू? मला शाळा नाही. एकच अक्षर येतं, तेच जन्मभर गिरवलं. पण ते शिवारातल्या शेवटच्या बांधावर ऐकू जायचं. शिकल्यासवरल्यांपैकी कितीजणांचं जातं, ते तुम्हीच मोजा.

लोकांना वाटतं, मी विलायतेहून आले. मुळीच नाही. मिशनरी साहेब घंटा मागवतो म्हणाला आणि मागवण्याआधीच मायदेशी निघून गेला. मग मंडळीतल्या बायकांनी पदर खोचले. कुणी काशाची थाळी दिली, कुणी वाटी, कुणी चेपलेला तांब्या. शेजारच्या मुसलमान आळीतून तोटीचा बधना आला. पलीकडच्या वस्तीतून, जिथं आज बुद्धविहार आहे, दोन परातीही आल्या. ओताऱ्याने भट्टी पेटवली, सगळं वितळवलं आणि मला ओतलं. तेव्हाच गावाने रीत पाडली : ज्याच्या घरचं भांडं माझ्या अंगात, त्याच्या घरचं कुणी वारलं, तर मी वाजायचं. धर्म विचारायचा नाही. विचारून उपयोगही नव्हता, कारण माझ्यातली थाळी कुठली आणि बधना कुठला, हे आता ओताऱ्यालाही सांगता आलं नसतं.

मी राबले, मित्रांनो. दर रविवारी उपासनेला बोलावलं. माझ्या आवाजावर बायकांनी चुली पेटवल्या, सालदारांनी बैल सोडले. आधी मंडळीतल्या ताईबाईची सासू माझा दोर ओढायची, मग ताईबाई ओढू लागली. पलीकडच्या वस्तीतल्या द्रौपदाबाईचा नवरा वारला तेव्हा मी इतकी सावकाश, इतकी गंभीर वाजले, की ती पांढऱ्या लुगड्यात येऊन माझ्या खांबाला हात लावून गेली. मला तेवढं कौतुक पुष्कळ झालं.

आणि आता माझी दशा बघा. माझ्या पोटात लोंबतो तो लोलक, तीच माझी जीभ. ती आमच्याच माणसांनी बांधून टाकली.

भूपेंद्र आमच्या चर्चच्या पंचमंडळाचा सचिव. त्याने मोबाईलवर कुठल्याशा दूरच्या गावात चर्चवर जमाव चालून गेलेला पाहिला आणि त्याला घाम फुटला. 'उगीच लोकांच्या डोळ्यांवर यायला नको,' म्हणत त्याने शिडी लावली आणि जुन्या पडद्याचं फडकं लोलकाला गुंडाळलं. आमच्या गावात कुणी चकार शब्द काढला नव्हता. सरपंच आला नव्हता, पोलीस आला नव्हता. कुणी गप्प करायच्या आधीच गप्प बसणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

आणि त्यावर दर रविवारी राष्ट्रासाठी प्रार्थना चालूच. खिडक्या लावून घ्यायच्या आणि म्हणायचं, 'हे प्रभू, हा देश वाट चुकला आहे. याला न्यायाने वागायला शिकव. याला खरं बोलायचं धैर्य दे.' बाहेर मी, तोंडात बोळा घेऊन, ऐकतेय. प्रार्थना सांगणारे आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, ढोंगी असते तर मी हसून सोडलं असतं. पण त्यांचे डोळे खरोखर भरून यायचे. त्यानेच माझं अंग जळायचं.

अशात मुसलमान आळीतला खाजा वारला. वेल्डिंगचं काम करायचा. माझी तुळई गंजून वाकली तेव्हा त्यानेच ती जोडली होती, आणि माझ्यातला बधना त्याच्या आजीचा. दुपारच्या नमाजानंतर जनाजा चर्चवरूनच जाणार होता. ताईबाई गुडघे धरत आली.

"भूपेंद्र, शिडी लाव. फडकं सोड."

"अक्का, दिवस कसे आहेत बघता ना? आणि तो काही आपल्यातला नव्हता."

"आपला नही, मंग कोना शे? त्यानी आजीना बधना शे हिना पोटमा."

"तसं नाही, पण कुणी काही म्हटलं तर?"

"कोनं भेव वाटस तुले? मन्हं?"

"तुमचं तर वाटतंच, अक्का," भूपेंद्र म्हणाला, पण शिडीला त्याने हात लावला नाही.

पाळकसाहेब मध्ये पडले. "ताईबाई, आपण आत बसून खाजाभाईंच्या घरच्यांसाठी प्रार्थना करू. देव ऐकतोच."

"देव ऐकस हो, साहेब. जीनतले बी ऐकू येवाले जोयजे."

जीनत म्हणजे खाजाची बायको. पाळकसाहेब खाली बघू लागले. शेजारी कोण, यावर त्यांनी मागच्याच महिन्यात लांबलचक उपदेश केला होता.

ताईबाई घरी गेली. मला वाटलं, हरली बिचारी. माझी चूक झाली. ती परत आली ती पदराआड खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन. जनाजा वळणावर दिसला, आणि तिने हात उंच करून माझ्या काठावर बत्ता हाणला.

जीभ बांधलेली होती, पण अंग माझंच होतं ना? मी वाजले. नेहमीसारखी गोल नाही, खरखरीत वाजले, घसा बसलेल्या बाईसारखी. ती दम घ्यायला थांबायची आणि पुन्हा हाणायची. जनाज्याला खांदा देणारा खाजाचा मुलगा अतिक चालता चालता मान वळवून बघत राहिला. आळीच्या तोंडाशी जीनत दारात उभी होती. तिने ओढणी तोंडाला लावली आणि तशीच खाली उंबऱ्यावर बसली. तिला कळलं, गावाने तिच्या माणसाला निरोप दिला. भूपेंद्र शिडी धरून उभा होता. ती त्याने लावलीही नाही आणि नेऊनही ठेवली नाही.

तुम्ही म्हणाल, मग सगळं ठीक झालं असेल. छे! पंचमंडळ म्हणतंय, विचार करू. नाताळासाठी मला चिंच-मीठ लावून लख्ख घासलं, फडकं मात्र जिथल्या तिथे ठेवलं. पुढल्या रविवारी पुन्हा देशासाठी प्रार्थना झाली. सगळे आमेन म्हणाले. ताईबाईचा आवाज त्यात नव्हता. ती हल्ली बायबलच्या पिशवीतच बत्ता घेऊन येते.

मित्रांनो, देशासाठी जरूर मागा. मीही मागते, त्याच प्रभूपाशी मागते. पण देश म्हणजे लांब कुठे दिल्लीत बसलेली वस्तू नाही. तो जनाजा घेऊन आपल्या दारावरून जातो, आणि आपण खिडक्या लावून त्याच्यासाठी डोळे मिटतो. मला घासू नका, मी काळी पडले तरी चालेल. शिडी अजून भिंतीलाच टेकलेली आहे. कुणीतरी वर चढा.