पप्पांचा खड्डा

आमच्या विणकरवाडीतली सगळी घरं एका साच्यातली. पापडी गावाजवळ खास विणकरांसाठी आखून दोन ओळींत बांधलेली, आणि प्रत्येकाच्या पुढच्या खोलीत जमिनीतच एक खड्डा. काठावर बसायचं, पाय आत सोडायचे, माग चालवायचा.

माग केव्हाच मोडीत गेले. शेजाऱ्यांनी खड्डे बुजवले. आमच्या पप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नाही. चहा खड्ड्यात, रोजरीची माळ जपणं खड्ड्यात, मटार सोलणं खड्ड्यात. त्यातून मी बिस्किटांचा चुरा काढलाय, रिमोट काढलाय, एकदा तर शेजारच्या इनेझची कोंबडी. मी वैतागले की पप्पा म्हणायचे, "मांडी घालायला गुडघे दुमडत नाहीत गं. खुर्चीवर पाय लोंबतात. इथं पाय तळाला टेकतात, बसल्यासारखं वाटतं." मी कपाळावर हात मारून झाडू घ्यायचे.

मग कळलं, जुनी घरं जपणारी समिती येणार आणि पसंत पडलेल्या घराचं गळकं छप्पर दुरुस्त करून देणार. मी पप्पांना घेऊन निर्मळला लग्नाला गेले, आणि इकडे माझ्या शहाण्या नवऱ्याने, रायनने, पाहुणे यायचे म्हणून घर आवरलं. आवरलं म्हणजे खड्डा बुजवून वर चकचकीत टाइल्स बसवल्या.

परत आल्यावर पप्पा सवयीने आपल्या जागी गेले आणि भिंत धरून खाली बसले. पाय समोर ताठ. उठता येईना. आम्ही दोघांनी काखेत हात घालून उठवलं. तेव्हापासून ते खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. चहासुद्धा अर्धा टाकायचे. मला हवी तशी जमीन मिळाली होती आणि घास गोड लागत नव्हता.

समितीच्या उन्नती मॅडम आल्या. "माग कुठे होता?"

"इथंच! खड्डा बुजवला मॅडम," रायन छाती फुगवून म्हणाला. "आता कुणी पडायचं नाही."

"अहो, अख्ख्या वाडीत तेवढाच उरला होता. त्याच्यासाठीच आलो आम्ही."

"मग उकरतो ना परत!"

"उकरलेला खड्डा जुना थोडाच होतो?" म्हणत त्या गेल्यासुद्धा.

मी परसातून पहार आणली आणि पहिल्या टाइलवर घातली.

"वेडी झालीस का, रोझलीन? छप्पर तर गेलं!"

"छप्पर गेलं खड्ड्यात! पप्पा, इकडे या. पाय कुठवर जायचे, दाखवा."

खाट करकरली.

"जरा डावीकडे खण," पप्पा म्हणाले.