साहेबांच्या आईचा हात

साहेबांना रडता येत नसे. पुढारीपणाचं बाकी सगळं येई. म्हणून भाषणात जिथे गळा दाटून यायला हवा, तिथे त्यांचा भाषणलेखक कागदावर 'पाणी' असं लिहून ठेवी. साहेब तिथे थांबत, ग्लास उचलून दोन घोट घेत, आणि समोरच्यांना वाटे, माणसाने हुंदका गिळला. दुसऱ्यांची भाषणं लिहून पोट भरणाऱ्या त्या गृहस्थाला आपल्या या युक्तीचं भारी कौतुक होतं.

पण नुसत्या पाण्यावर मतं मिळत नाहीत, आणि साहेबांचं बालपण पडलं खाऊनपिऊन सुखी. सोसलेलं आणायचं कुठून? शेवटी त्याने घरचीच गोष्ट उचलली. त्याची आई लाँड्रीत इस्त्री करायची. एकदा वाफेने तिचा उजवा हात पोळला. दुसऱ्या दिवशी मुलाची परीक्षा, त्याचं लक्ष उडू नये म्हणून तिने तो हात पाठीमागे लपवला आणि डाव्या हाताने त्याला जेवायला वाढलं. भाषणात ही बाई साहेबांची आई झाली. लिहिताना त्याला काहीच वाटलं नाही असं नाही. वाटलं, पण त्याने ते झटकून टाकलं.

साहेब बरोबर जागेवर पाणी प्यायले. अख्खं मैदान डोळे पुसत घरी गेलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी तो आईकडे गेला, तर शेजारच्या काकू येऊन बसल्या होत्या आणि आईला तेच भाषण रंगवून सांगत होत्या. "ज्याच्या आईने एवढं सोसलं, तो गरिबाला विसरेल का हो? माझं मत त्यालाच."

आईने कौतुकाने बाही वर सरकवली. चट्टा अजून होता. "अहो, माझंही अगदी असंच झालं होतं. ह्याची परीक्षा होती. मीसुद्धा डाव्या हातानेच वाढलं."

काकू हसू लागल्या. "काहीतरीच काय वहिनी! आत्ता माझ्याकडून ऐकलंत आणि लगेच स्वतःला चिकटवलंत?" मग त्या त्याच्याकडे वळल्या. "तू तर साहेबांच्याच ऑफिसात असतोस. सांग बाबा, कोणाची ही गोष्ट?"

आईने मोठ्या भरवशाने त्याच्याकडे पाहिलं. खरं बोलावं, तर काकूंच्या तोंडून संध्याकाळपर्यंत गावभर होणार, आणि त्याची नोकरी गेलीच म्हणायची. त्याच्या तोंडाला कोरड पडली. त्याने समोरचा ग्लास उचलला आणि पाण्याचे दोन घोट घेतले.

"बघा," काकू हळहळल्या, "साहेबांच्या आईचं नाव काढलं तर ह्याचाही गळा दाटून आला."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने बाही खाली ओढली आणि मनगटावरचं बटण लावलं.

"माझीच काहीतरी गफलत होत असेल," ती म्हणाली. "वय झालं आता."

लाजेने त्याला मान वर करवेना. आईने त्याच्यासाठी चहा ओतला आणि कप पुढे केला. डाव्या हाताने. उजवा तिने पाठीमागे नेला होता.