आत्याचे धवले आणि माझं पोट

मित्रांनो, मी एक जुना ऑर्गनायझर. तळहातावर मावणारा, काडीएवढ्या पेनाने काचेवर लिहायचा, तोच! तुमच्यातल्या बहुतेकांनी मला पाहिलेलंही नसेल. मोबाइल शहाणे झाले आणि आमची जात संपली. सध्या माझा मुक्काम जुन्या भाईंदरात, सुलूच्या कपाटातल्या खणात आहे. शेजारी मेलेले रिमोट आणि कुठल्या कुलपाच्या हे कुणालाच ठाऊक नसलेल्या चाव्या. पण मला भंगार समजू नका हं. एके काळी ह्याच घरात मी हळदकुंकू लावून घेतलंय!

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. पहिली काही वर्षं मी एका साहेबांच्या खिशात काढली. मीटिंगची वेळ झाली की मी टुणटुण करायचो आणि साहेब माझ्यावरच चिडायचे. पुढे त्यांनी नवा घेतला आणि मला ड्रायव्हरच्या, म्हणजे राघोच्या हातावर ठेवलं. राघोने तो मान बायकोला, सुलूला दिला. सुलू सकाळी बाजारात मासळी विकायची. तिला माझ्यातलं काहीच आवडलं नाही, एक सोडून. माझ्या कुशीला एक बटण होतं. ते दाबून बोललं की मी आवाज साठवायचो.

त्या घरात राघोची शेवंती आत्या राहायची. आत्या धवलारीण होती. कोळ्यांच्या लग्नात हळद लागते, मांडव उभा राहतो, देवांना बोलावणं जातं, त्या प्रत्येक विधीला धवलारीण धवला गाते. तिच्या गाण्यावाचून विधी पुढे सरकत नाही. आत्याला सगळे धवले तोंडपाठ होते, लिहिलेला एकही नव्हता. सुलू तिच्याकडे शिकत होती, पण जेमतेम निम्मे झाले असतील नसतील, तोच आत्याच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ काढू, जीव वाचेल, आवाजाचं मात्र सांगता येत नाही. आणि दिवाळीनंतर राघोच्या पुतणीचं, दिशाचं लग्न ठरलेलं!

सुलूने मला आत्यासमोर धरलं. आत्या गाऊ लागली, मी साठवू लागलो. पण माझं पोट ते केवढं! एका धवल्याच्या मध्यावरच मी हात टेकले आणि पडद्यावर पाटी लावली, जागा संपली.

"ह्याला काय झाला गो?" आत्याने विचारलं.

"पोट भरला त्याचा," सुलू म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी नवरा-बायको मला घेऊन मीरा रोडला नीलेशभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. नीलेशभाईंनी मला उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "बेन, तीन रस्ते हैं. एक, इसका पेट खोलके अंदर का मेमरी बडा करूं. दुसरा, पीठ पे डब्बा बिठाके ये जाडा कार्ड. जगा बहुत, लेकिन बॅटरी खाएगा. तिसरा, ये नाखून जितना कार्ड, ऊपर के खाचे में."

राघोला पहिला रस्ता पसंत पडला. "आतला बरा. पडायचा न्हाय, हरवायचा न्हाय. नखाएवढं ते कार्ड, शिंकलं तरी उडून जाईल!"

पोट फाडायचं म्हटल्यावर कोण घाबरणार नाही? पण सुलू घाईची नव्हती. तिने विचारलं, "भैया, बॅटरी मर गया तो?"

"अंदर का सब साफ. कार्ड का कुछ नहीं होता."

सुलू राघोकडे वळली. "ऐकलास? आतला म्हंजे बर्फावरची मासली. बर्फ हाय तोवर ताजी, मग फेका. कार्ड म्हंजे सुकी मासली. मला सुकी पायजे."

नीलेशभाई हसत सुटले. त्यांनी कार्ड बसवलं, आधीचे धवले त्यात हलवले आणि यापुढचे थेट तिथेच कसे ठेवायचे ते दाखवलं. सुलूने मान डोलावली. किती कळलं ते देव जाणे.

त्यानंतर आत्या रोज गायली. खोकत गायली, पाणी पीत गायली. शेवटचा धवला संपला, तेव्हा तिने मला पदराने पुसलं. मग ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

आणि आला दसरा. मित्रांनो, दसऱ्याला हत्यारं पुजायची आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. राघोने पाट मांडला. त्यावर गाडीचे पाने ठेवले, सुलूचा तराजू ठेवला, मासळी कापायची विळी ठेवली आणि मधोमध मला! हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. मी फुगून गेलो. सुलूने मला चार्जिंगला लावायला उचललं, तर राघो ओरडला, "ठेव खाली! पुजलेल्या हत्याराला काम लावत न्हाय. चार्जिंग म्हंजे कामच हाय त्याचा!"

तिलाही ते पटलं. सणाच्या गडबडीत मी तसाच पाटावर राहिलो. दसरा झाला, पाहुणे झाले, बाजार सुरू झाला आणि कौतुकाने नटलेला मी उपाशी मेलो.

जागा झालो तेव्हा मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तुम्ही म्हणाल, मग एवढं सगळं सांगतोस कसा? अहो, तेव्हापासून ह्या घरात हाच किस्सा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात, पाठ नाही होणार तर काय! सुलूने चार्जिंगला लावून चालू केलं, तर मी नव्या बाळासारखा कोरा.

"अगो बाय! सगला गेला!" ती मटकन खाली बसली. राघोने कपाळाला हात लावला. कोपऱ्यात आत्या नुसती बघत होती. तिला ओरडताही येत नव्हतं.

राघो मला मुठीत धरून रिक्षाने नीलेशभाईंकडे निघाला, सुलू मागोमाग. धवले खरंच कार्डात गेले होते की माझ्या पोटातच राहिले होते, हे सुलूला छातीवर हात ठेवून सांगता येईना. नीलेशभाईंनी काडी हातात घेतली, इथे टोचलं, तिथे टोचलं, कार्ड उघडलं. आणि माझ्यातून आधी एक खोकला आला, मग आत्याचा खणखणीत आवाज, "चालू झाला का गो?"

सुलू भर दुकानात रडली आणि हसली. सगळेच्या सगळे धवले शाबूत होते! गेले ते फक्त गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि राघोचा पत्त्यांचा खेळ. त्या खेळाचं दुःख त्याचं त्यालाच ठाऊक.

घरी येऊन त्यांनी मला आत्यापुढे लावलं. आत्या डोळे मिटून स्वतःचा आवाज ऐकत होती, गालांवरून पाणी वाहत होतं. देवांच्या बोलावण्याचा धवला लागला आणि तिने एकदम हात उंचावला. थांबवा! ओठ हलले. सुलूने ते वाचले, "गावदेवी? आत्या, गावदेवीला बोलवायची ऱ्हायली?"

आत्याने जोरात मान हलवली. मग जमिनीवर थापटून ठेका धरला आणि सुलूला गायला लावलं. चुकली की थापट थांबायची. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत हेच चाललं. मी गायचो, सुलू गायची, आत्या आम्हा दोघांच्याही चुका काढायची.

मित्रांनो, आवडत्या वस्तूची पूजा करा, पण तिला काय लागतं तेही विचारा. फूल वाहिलंत म्हणून तिची भूक भागत नाही. आणि मोलाचं काही माझ्यासारख्याच्या पोटात ठेवलंत, तर ते स्वतःच्या गळ्यातही उतरवून घ्या. आम्ही यंत्रं कधी डोळे मिटू, नेम नाही.

दिशाच्या हळदीला राघोने मला खास पिशवीतून नेलं होतं, चार्ज करून, अडलं तर हाताशी असावा म्हणून. बायका गोल बसल्या. सुलूने आत्याकडे पाहिलं आणि धवला उचलला. हळदीचा झाला, मांडवाचा झाला, देवांचा झाला, गावदेवीसकट. मला पिशवीतून कुणी काढलंच नाही. आणि खरं सांगतो, उभ्या आयुष्यात इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.