बाइंडरबाईंचा फोटो

तिने कॅमेरा डोळ्याला लावला, आणि काउंटरपलीकडच्या दुकानदाराने सवयीने केस सारखे करून हसरा चेहरा केला.

"बघा, तुम्हीही तेच केलंत," कॅमेरा खाली घेत ती म्हणाली. "हा नको."

दुकानदार ओशाळला. या धंद्यात त्याचे केस पिकले होते, पण आपल्या हसण्यामुळे कॅमेरा नापसंत झाल्याची ही पहिलीच वेळ. त्याने तो मऊ फडक्याने पुसून काचेवर ठेवला.

"ताई, शिकाऊ माणसाला याहून चांगला कॅमेरा नाही. तुम्हाला काढायचंय तरी काय? पक्षी? डोंगर?"

"आई."

"मग सोपं आहे की. आई थोडीच उडून जाणार आहे!"

"कॅमेरा दिसला की जाते."

ही बाई एक्स-रे काढायची. दिवसभर हॉस्पिटलातल्या बंद खोलीत लोकांना 'श्वास रोखा, हलू नका' सांगण्यात तिचा जन्म चालला होता. आणि आता तिला हवा होता हलत्या माणसाचा फोटो, तोही अशा माणसाचा, जे कॅमेऱ्यासमोर न सांगताच श्वास रोखून बसतं.

आई पुस्तकं बांधायची. सगळी गल्ली तिला बाइंडरबाई म्हणायची. ग्रंथालयातली खिळखिळी झालेली पुस्तकं, वकिलांचे उशीएवढे खंड, सगळं तिच्या एका खोलीत यायचं आणि ताठ कण्याने बाहेर पडायचं. घडी घातलेल्या पानांच्या जुड्या, म्हणजे फर्मे, ती एकावर एक ठेवून शिवायची. सुई आत गेली की हात बाजूला असा लांब जायचा, की दोऱ्याबरोबर खोलीतली शांतताही ताणली जायची. लेक हे लहानपणापासून बघत आली होती आणि तिचं मन अजून भरलं नव्हतं. त्या हाताला तोड नाही, हे तिचं ठाम मत होतं, आणि ते ती ज्याला त्याला ऐकवायची.

पण मोबाइल वर झाला रे झाला, की बाइंडरबाई सुई खाली ठेवायच्या, खळीचे हात पुसायच्या आणि पाठ ताठ करून ओळखपत्रावरच्या फोटोसारख्या बसायच्या.

"आई, काम करत राहा ना."

"फोटोत काम करत बसू? लोक म्हणतील, हिला फोटोपुरतीही उसंत नाही."

यापुढे कुणाचं काही चालत नसे.

अलीकडे आईच्या बोटांचे सांधे सुजायला लागले होते. एक्स-रे लेकीनेच काढला. आईच्या हातांचं म्हणून तिच्याकडे तेवढं एकच चित्र होतं आणि त्यात नुसती हाडं होती. खोली या आठवड्याअखेर सोडायची ठरली. पुस्तकं दाबायचं यंत्र कालच कुणीतरी उचलून नेलं. आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

हॉस्पिटलातल्या एका सहकाऱ्याने, जो स्वतःला फोटोग्राफीतला पंडित समजायचा, तिला बजावलं होतं: घ्यायचा तर मोठाच घे, नाहीतर पुढे हात चोळत बसशील. त्याने नाव लिहून दिलेला मोठा कॅमेरा तो हाच, आत्ता काचेवर पडलेला.

दुकानदाराने थोडा विचार केला आणि मागच्या फळीवरून एक लहान, काळा कॅमेरा काढला. त्याचा पडदा बाहेर ओढून वर वळवता येत होता.

"डोळ्याला लावूच नका. मांडीवर ठेवा आणि मान खाली घालून बघा. आवाजही बंद होतो याचा."

तिने स्टुलावर बसून तो मांडीवर ठेवला. दुकानदार मोठा कॅमेरा परत पेटीत ठेवायला वळला.

"घ्या की एखादा," तो म्हणाला.

"घेतला."

पडद्यावर दुकानदार होता. पेटीचं झाकण लावताना त्याने कॅमेऱ्यावरून शेवटचं बोट फिरवलं होतं, निजलेल्या बाळाचं पांघरूण सारखं करावं तसं. त्याने तो फोटो चष्मा वर करून बघितला, मग खाली करून बघितला.

"असा दिसतो होय मी?"

"हाच द्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी ती खोलीवर गेली तेव्हा आई खिडकीशी बसली होती. यंत्राच्या जागी जमिनीवर एक फिकट चौकोन उरला होता. लेकीने कागदाच्या गठ्ठ्यावर बैठक मारली.

"नवीन आहे, बटणं शिकतेय. तू तुझं चालू दे."

"शीक बाई," आई म्हणाली आणि तिने फर्मे पुढ्यात ओढले.

मग सुई आत गेली, हात लांब गेला. लेकीने मान खाली घातली. पडद्यावर आई होती, खालचा ओठ किंचित दुमडलेला, मान तिरकी, सुजलेल्या बोटांत ती बारीक सुई. एका बाजूने ऊन येत होतं. हात जायचा, यायचा, फर्म्याच्या घडीवर नख फिरायचं. इतकी सुंदर बाई आपण जन्मभर जेवायला वाढताना बघत आलो, असं लेकीला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले. ती आईच्या चेहऱ्यावरून नजर हलवीना. आईने एकदाही वर बघितलं नाही. ऊन भिंतीवर सरकलं तेव्हा कुठे लेकीने पाठ सरळ केली.

आई हात धुवायला मागे गेली. लेक फोटो मोठे करून बघू लागली. एक्स-रे बघायची सवय अशी, की नजर आपोआप एकेका पेरावरून पुढे जायची. ती अंगठ्यावर आली, तर्जनीवर आली, सुईवर आली.

सुईच्या नेढ्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

तिने पुढचा फोटो पडद्यावर आणला. मग त्याच्या पुढचा. हात अगदी तसाच लांब गेलेला, जितका दोरा असता तितकाच, आणि दोरा कुठेच नाही. काल फोनवर आई 'संपलं एकदाचं' म्हणाली होती. लेकीला वाटलं होतं, दिवस संपला म्हणतेय. तिने वर बघितलं. फळीवर वकिलांचा शेवटचा खंड कागदात गुंडाळून, वर नाव घालून तयार होता. खिडकीशी पडलेले फर्मे रद्दीतले होते.

"कसे आलेत?" आई हात पुसत आली.

लेकीने घाईघाईने फोटो लहान केला आणि कॅमेरा पुढे धरला. आईने चष्मा लावला. दुसऱ्या कुणी बांधलेलं पुस्तक तपासावं तशी ती बराच वेळ बघत राहिली.

"हात अजून चांगला जातो की माझा."

"तोड नाही," लेक म्हणाली. तिची नजर खिडकीशी पडलेल्या फर्म्यांकडे गेली.

आईने तिच्याकडे एकदा बघितलं. मग फळीवरून जाड कागदांचा उरलेला गठ्ठा उतरवला आणि टेबलावर ठोकून त्याच्या कडा सारख्या केल्या.

"एवढे उरलेत. तुझ्या फोटोंना एक वही होईल."

"नको आई, बोटं दुखतील."

"एका वहीने काही होत नाही. उद्या ये. आणि हे असं मांडीवर मांजर घेऊन बसल्यासारखं नको, चांगली समोर बसून काढ." तिने चष्मा काढून मिटला. "मी दोरा ओवून बसते."