दादांचा उजवा हात

हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात सागवानाचा गंध किंचित गोड होतो, हे मला दादांमुळे कळलं. इंदिरानगरातल्या आमच्या घरामागे पत्र्याची शेड होती. सकाळी तिथं रंधा चालू लागला की लाकडाची पातळ सोनेरी सालपटं वेटोळी घेत खाली पडत आणि त्या लयबद्ध सरसरीने घर जागं होई. दादा म्हणजे माझे सासरे. जन्माने त्र्यंबकेश्वरचे, व्यवसायाने सुतार; पण पटाशी खाली ठेवून त्यांनी कुंचला उचलला की गाभाऱ्यात समई लागावी तसा त्यांचा चेहरा आतून उजळायचा.

लाकूड त्यांनी गावासाठी घडवलं, रंगवलं मात्र केवळ घरच्यांसाठी. सासूबाईंच्या मसाल्याच्या डब्यावर जाईची वेल, मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर निळीशार गोदावरी. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या कपाटाच्या दारावर प्राजक्त फुललेला होता, माझ्या माहेरच्या अंगणातला. साखरपुड्याच्या धांदलीत त्यांनी तो कधी न्याहाळला, कुणास ठाऊक! बोलून माया करणं त्यांना जमत नसे. ती अशी रंगांतून, न मागता, दाराशी येऊन उभी राहायची.

मला दिवस गेले आणि त्यांनी पाळणा करायला घेतला. त्याच सुमारास त्यांनी आमच्याबरोबर जेवणं सोडलं. ताट शेडमध्ये मागवू लागले. कुणी आलं की उजवा हात सदऱ्याच्या खिशात जायचा. "दादा हल्ली माणूसघाणे होत चाललेत," असं संदीप, माझा नवरा, म्हणायचा. मलाही तसंच वाटे.

एका दुपारी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले. दादा पाठमोरे बसले होते. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून ते पाळण्याच्या कठड्यावर पोपट रंगवत होते. कुंचला टेकला, थरथरला, आणि चोचीचा लाल रंग घसरून पोपटाच्या हिरव्या गालावर गेला. माझी चाहूल लागताच त्यांनी पाळणा भिंतीकडे फिरवला. नको ते करताना कुणी पाहिल्यासारखे त्यांचे कान तांबडे झाले.

"कुणाला सांगू नका, सूनबाई," ते खालमानेनं म्हणाले. "सुताराचा हातच हलायला लागला, तर त्याच्याकडे राहिलं काय?"

मी सांगितलं नाही. पुढे कितीतरी पहाटे मी अंथरुणात पडून घासकागदाची खरखर ऐकली. आदल्या दिवशीची चोच ते खरवडून टाकत आणि पुन्हा रंगवत. अखेर बारशाची सकाळ उजाडली आणि पोपट होता तसाच पाळण्यावर राहिला.

घर बायकांनी भरलं होतं. माझ्या लेकीला, ओवीला, पाळण्यात घातलं, गाणी झाली, घुगऱ्या वाटल्या गेल्या. कळवणच्या मामी, सासूबाईंच्या वहिनी, मोकळ्या स्वभावाच्या. त्या पाळण्यावर वाकल्या आणि खळखळून हसल्या.

"काय ओ दाजी, हा पोपट कोणाकडून रंगवून घेतला? शिकाऊ होता का कोणी? चोच पार गालावर गेली हे!"

सगळ्या हसल्या. दादा दाराजवळ उभे होते, हात खिशात. तेही हसले.

"हो, शिकाऊच होता," ते म्हणाले.

जन्मभर जे हात त्यांचे होते, ते त्यांनी त्या एका वाक्यात परके केले. मला वर बघवेना. तेवढ्यात सासूबाईंनी हातातलं तबक खाली ठेवलं.

"वहिनी, पोपट यांनीच रंगवलाय. हात थरथरतो त्यांचा. वर्ष होत आलं. मला माहीत होतं, मीही बोलले नाही."

हसू, गप्पा, बांगड्यांचा आवाज, सगळं एकदम विझलं. मामींनी पदर तोंडाला लावला. संदीप बापाकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून मागचे कितीतरी महिने सरकत गेले असावेत. दादा शेडकडे निघून गेले. आता ते कधीच घरात बसणार नाहीत, असं मला वाटलं.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी पानं घेतली, तेव्हा ते आले. संदीप सरकला, दादा त्याच्या शेजारी मांडी घालून बसले. खिशातून हात बाहेर काढला. पहिला घास ओठांपर्यंत जाईतो निम्मा ताटात सांडला, आमटीचा ओघळ पांढऱ्या सदऱ्यावर उतरला. त्यांची मान इतकी खाली की कपाळावरची शीर तेवढी दिसत होती.

"आमटी वाढू?" सासूबाईंनी विचारलं.

"वाढ," दादा म्हणाले.

लाज त्यांना शेवटपर्यंत सोडून गेली नाही. रोज ती त्यांच्या शेजारी पाटावर बसे. तरीही ते रोज येत, कारण ते आले नाहीत तर आम्ही जेवत नाही, हे त्यांना ठाऊक झालं होतं. ओवी बोलू लागली त्या उन्हाळ्यात ते गेले.

काळाने त्यांचा आवाज पुसट केला, चालणं पुसट केलं. खाली मान घालून घास ओठांपर्यंत नेणारे दादा मात्र अजून स्पष्ट दिसतात. आणि आज समोर कुणीही नसताना, केवळ आठवणीतसुद्धा, त्या क्षणी मी डोळे दुसरीकडे वळवते.