पाठीवरचं नाव

पुष्कर पांढऱ्या पायाचा आहे, हे जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या अख्ख्या मराठी मंडळाला ठाऊक होतं. गावच्या फुटबॉल क्लबातल्या ज्या खेळाडूचं नाव छापलेली जर्सी तो घेई, तो पुढचा हंगाम उजाडायच्या आत क्लब सोडून जाई. डेन्मार्कचा बचावपटू गेला, घानाचा मिडफिल्डर गेला आणि निवृत्त होईपर्यंत इथेच राहणार म्हणून शपथा घेणारा गोलकीपरही गेला. गिअरबॉक्सच्या चाचण्या घेणाऱ्या इंजिनिअरला असल्या गोष्टी पटत नाहीत. तरी चौथी जर्सी त्याने क्लबच्या दुकानातून मुकाट्याने कोरी घेतली.

कारण होतं नेस्तोर किरोगा. हा पोरगा एकोणिसाव्या वर्षी अर्जेंटिनाहून आला आणि पहिला हिवाळा त्याने राखीव खेळाडूंच्या बाकावर ब्लँकेट पांघरून काढला. इथल्या सातव्या वर्षी त्याचा चेहरा बेकरीच्या पिशव्यांवर होता आणि गावातली पोरं त्याच्यासारखे मोजे घोट्यापर्यंत ओढून शाळेत जात होती. पुष्करचा त्याच्यावर फार जीव. दोघं एकाच थंडीत इथे उतरले होते, नातं काय ते एवढंच, पण पुष्करला ते पुरत होतं.

"तू फक्त त्याचं नाव छापू नकोस," त्याचा मित्र मयुरेश दर सामन्याला बजावायचा. "बाकी क्लब बघून घेईल."

एप्रिलमध्ये नेस्तोरची मुलाखत आली. त्याला घरी जायचं होतं, वडिलांच्या गावच्या छोट्याशा क्लबात खेळायला. "माझी मुलगी आजोबांना जर्मनमध्ये उत्तर देते," तो म्हणाला होता. करार अजून दोन वर्षांचा होता आणि क्लब त्याला सोडायला तयार नव्हता. मराठी मंडळ अर्थातच क्लबच्या बाजूचं.

पुष्करने मुलाखत दोनदा वाचली. शेजारच्या खोलीत त्याची मुलगी स्वराली फोनवर इस्लामपूरच्या आजीला सांगत होती, "अलेस गूट, आजी. चूस!" म्हणजे सगळं छान, बाय.

शनिवारी स्टेडियममध्ये मयुरेशने त्याची पाठ पाहिली. कोऱ्या जर्सीवर आता किरोगा, अकरा नंबर. मध्यंतराला कॉफी घेताना त्याने विचारलं,

"मुद्दाम केलंस?"

"हो. जाऊ दे त्याला घरी."

"आल्झो, म्हणजे संपलं सगळं," मयुरेश म्हणाला आणि आपल्या कॉफीत बघत बसला.

जूनमध्ये नेस्तोर गेला. क्लबने बरीच कारणं दिली, पण मंडळाला खरं कारण माहीत होतं. पुढचे दोन आठवडे पुष्करशी कोणी धड बोललं नाही. त्याला वाईट वाटलं, आणि आतून बरंही वाटलं.

रविवारी त्याने ही सगळी गंमत इस्लामपूरला आईला फोनवर सांगितली. शोभनाबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "काय रे, त्या दुकानात कुणाचंही नाव छापून देतात?"

"देतात की. का गं?"

"मग एका जर्सीवर तुझं छापून घे."