वहिनीचा बझर

"वहिनी, सोल्डरिंगची टेबलं उद्या हलवणार. तुम्ही पॅकिंगला बसा," सुपरवायझर तिच्याकडे न बघताच म्हणाला.

लग्न होऊन आली त्याच वर्षी ती या स्टॅबिलायझरच्या कारखान्यात लागली होती. वहिनीच्या हातचा टाका सुटत नाही, असं मालक आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे. आता परदेशातून तयार स्टॅबिलायझर येणार होते. त्यांच्यावर कारखान्याचं लेबल चिकटवायचं आणि खोक्यात भरायचं, एवढंच काम उरलं.

"आणि हे सुटे भाग?"

"भंगारात. हवे ते न्या तुम्ही."

त्याच सुमारास सासूबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ज्यांच्या तोंडाच्या पट्ट्याने गल्ली दणाणायची, त्यांना पाणी मागता येईना. वहिनीने आणलेल्या भागांतून एक बझर जुळवला. बटणावर डब्याचं झाकण बसवलं. नुसता तळहात टेकला तरी वाजावा.

"तयार मिळते की बेल, बिनतारी," म्हणत नवऱ्याने एक विकत आणली. तिचं बटण नखाएवढं. आईची थरथरती बोटं त्यावरून घसरत राहिली. त्याने ती मुकाट्याने परत खोक्यात घातली.

नवऱ्याला रात्रपाळी, म्हणून दिवसा आईपाशी तो असायचा. वहिनी कामावरून आली, की बझर सुरू. उशी सरकली, दार वाजलं, शेजारी कोण आलं. "बोलता येत नाही तर ही तऱ्हा," असं पुटपुटत ती धावायची. दोघींचं आयुष्यभर विळ्याभोपळ्याचं सख्य, पण धावायची. एकदा आली, तर सासूबाईंना काहीच नको होतं. त्यांनी डाव्या हाताने तिची बोटं धरली, चटक्यांचे जुने डाग चाचपले आणि सोडून दिली.

थंडी सरता सरता त्या गेल्या.

काही आठवड्यांनी शेजारच्या काकू आल्या. काकांनाही तसाच झटका आलेला. "तसला एक करून देशील का गं?"

वहिनी सुटे भाग शोधायला गेली. पूर्वीच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगली होती. "ते कोण घेतं आता?" दुकानदार म्हणाला.

घरी येऊन तिने सासूबाईंच्या पलंगाला लावलेल्या बझरची वायर सोडवायला घेतली.

"राहू दे की तो," नवरा म्हणाला.

"कुणासाठी?"

थोड्या वेळाने त्यानेच स्क्रू काढून दिले.

शेजारी बझर बसला. काकांनी तळहात टेकवला, तशा काकू हात पुसत आल्या. "काय हवंय?" काका नुसते बघत राहिले. काकू वळल्या, तोच पुन्हा वाजला.

"काही नकोय, तर वाजवता कशाला हो?"

"वाजवू द्या, काकू," उरलेली वायर गुंडाळत वहिनी म्हणाली. "तुम्ही येत जा फक्त."